कबऱ्या डोळ्याची माशी

(पडद्यावर: ताटलीत काळी पडत चाललेली केळी)

केळी दोन दिवस जास्त राहिली, की कुठून कोण जाणे, ही चिलटं हजर. पुस्तकातलं नाव फळमाशी. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. पण भिंगाखाली धरा, डोळे दिसतात डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल.

आता ही दुसरी बघा. एकाच डोळ्यात लाल ठिपके आणि पांढरे चट्टे, कुणी रंग शिंतडावा तसे. १९३० साली हरमन म्युलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांच्या पिलावळीत असे डोळे नोंदवले.

डोळा लाल व्हायला जे जनुक लागतं, त्याचं नाव 'व्हाइट'. माशीवाल्यांची रीतच उफराटी: जनुक बिघडल्यावर काय दिसतं, त्यावरून बारसं! पण कबऱ्या माशीत हे जनुक बिघडलेलं नव्हतंच. गुणसूत्राचा एक तुकडा तुटून उलटा जोडला गेला होता आणि हे धडधाकट जनुक एका घट्ट गुंडाळलेल्या, गप्प भागाच्या शेजारी येऊन पडलं होतं. शेजारचा गप्पपणा काही पेशींत त्याच्यापर्यंत पोचला, काहींत नाही. पोचला तिथे पांढरा चट्टा.

हा गप्पपणा पसरवतं कोण? ते शोधायला संशोधकांनी अशा माश्या हुडकल्या, ज्यांत आणखी एखादं जनुक मोडलं की कबरा डोळा पुन्हा लाल होतो. मोडलेलं जनुक, म्हणजे गप्प बसवणाऱ्यांपैकी एक. अशा जनुकांची यादी झाली. त्यातल्या 'सु-वार ३-९'चा क्रम १९९४ साली जर्मनीतल्या हाले इथल्या गटाने प्रसिद्ध केला. माणसातही त्याचा भाऊबंद निघाला. पण तो नेमकं करतो काय, हे कळेना.

धागा सापडला मटारच्या पानात. प्रकाशसंश्लेषणात कामाला येणाऱ्या एका प्रथिनावर मिथाइल गट चिकटवणारं एन्झाइम तिथे आधीच माहीत होतं, आणि त्याचा एक भाग माशीच्या या प्रथिनाशी दूरचं नातं सांगत होता.

(पडद्यावर: प्रयोगशाळेतली नळी, त्यात थेंब पडतो)

मिथाइल गट म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन. बस्स. पेशीत त्याचा पुरवठादार असतो 'सॅम' नावाचा रेणू, अन्नातल्या मेथिओनिनपासून बनणारा. व्हिएन्नामध्ये टॉमस येनुवाइन यांच्या गटाने सॅमच्या मिथाइलला किरणोत्सारी खूण केली आणि 'सु-वार ३-९'च्या माणसातल्या भाऊबंदासमोर हिस्टोन ठेवले. हिस्टोन म्हणजे ज्या प्रथिनांच्या रिळावर डीएनएचा दोरा गुंडाळलेला असतो, ती. खूण उमटली ती एच-३ या हिस्टोनवर, त्याच्या शेपटीतल्या नवव्या अमिनो आम्लावर, लायसिनवर. साल २०००. हिस्टोनच्या लायसिनवर मिथाइल चढवणारं पहिलं एन्झाइम हाती आलं होतं.

जवळून पाहिलं तर या एन्झाइमच्या पोटात एक चिंचोळा बोगदा आहे. एका तोंडाने लायसिनची लांब बाजू आत शिरते, दुसऱ्या बाजूने सॅम टेकतो, आणि मिथाइल हातोहात बदलतं. बोगदा किती रुंद, यावर लायसिनला एक मिथाइल मिळणार, दोन की तीन, हे ठरतं. याच कुळातल्या काही एन्झाइमांत बोगद्याच्या भिंतीतलं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी हा आकडा बदलतो.

गंमत अशी, की मिथाइल चढल्याने लायसिनचा विद्युतभार बदलत नाही. त्या इवल्या गाठीत स्वतःची ताकद फारशी नाही. ती ओळखणारं कुणीतरी लागतं. नवव्या जागेवरची खूण ओळखणारं प्रथिन २००१ मध्ये कळलं: एचपी-१. ते खुणेला धरून बसतं आणि भाग मिटवून टाकतं. आणि एचपी-१चं जनुकही माश्यांच्या त्याच जुन्या यादीत होतं! खूण करणारा आणि खूण वाचणारा, दोघांची नावं कबऱ्या डोळ्यांनी आधीच देऊन ठेवली होती.

तीच गाठ एच-३च्या चौथ्या जागेवरच्या लायसिनवर असली, तर मात्र बहुधा चालू जनुकाची निशाणी.

एकदा चढलेलं मिथाइल उतरत नाही, असं बरीच वर्षं मानलं जाई. २००४ मध्ये हार्वर्डमधल्या यांग शी यांच्या गटाने ते उतरवणारं एन्झाइम दाखवलं आणि तो समज संपला.

(पडद्यावर: औषधाची गोळी, मग पुन्हा माशी)

याच कुळातलं माणसातलं एक एन्झाइम, ईझेडएच-२, एच-३च्या सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसिनवर खूण करतं. काही कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर काम करतं. त्याला अडवणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला २०२० साली अमेरिकेत सार्कोमा प्रकारच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ईझेडएच-२ या नावातला 'झेड' आलाय 'झेस्ट'वरून. तेही फळमाशीचंच जनुक. त्यातल्या एका बिघाडाने माशीचे डोळे लिंबासारखे पिवळे होतात.