चंद्रावरच्या पायवाटा

सातारा आणि सांगलीकडच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

चंद्रावर माणसं जिथं उतरली, त्या जागांचे फोटो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी वरून काढले आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. हे फोटो मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येतात. पण त्यात काय शोधायचं हे ठाऊक नसेल, तर राखाडी जमिनीवर चार ठिपके दिसतात आणि माणूस पुढं सरकतो. म्हणून आधी ते शोधायचं कसं, एवढं सांगते.

पृथ्वीवरून या जागा का दिसत नाहीत, हा पहिला प्रश्न हमखास येतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर रुंद आहे, तरी एवढ्या अंतरावरून चंद्रावरची घराएवढी वस्तूसुद्धा तिला वेगळी ओळखता येत नाही. आणि माणसांना चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमांचं उतरलेलं यान, चारही पाय पसरून, जेमतेम नऊ मीटर रुंद. तेव्हा जवळ जाण्यावाचून इलाज नाही.

नासाचं लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर १८ जून २००९ रोजी निघालं. महिन्याभरात, १७ जुलैला, अपोलोच्या सहापैकी पाच जागांचे पहिले फोटो जगासमोर आले. पुढं हे यान सुमारे ५० किलोमीटर उंचीवरून फिरू लागलं. तिथून अर्ध्या मीटरचा तुकडा म्हणजे फोटोतला एक ठिपका. २०११ मध्ये ते आणखी खाली, काही ठिकाणी वीस-बावीस किलोमीटरपर्यंत आणलं, तेव्हा चित्र दुप्पट स्पष्ट झालं. सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं पुढं जाताना हा कॅमेरा जमिनीची एकेक बारीक रेघ टिपत जातो आणि त्या रेघा जोडून फोटो तयार होतो.

आता मुख्य गोष्ट. हे फोटो वाचायचे ते सावलीवरून. भरदुपारी शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरून खालचा माणदेश बघितलात तर सगळं सपाट आणि पांढरट दिसतं. तेच उन्हं कलल्यावर बघा. बांध, ताली, ओघळ, मेंढरांच्या वाटा, एकेक गोष्ट जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. चंद्रावरही तसंच. सूर्य क्षितिजाजवळ असताना घेतलेल्या फोटोत यानाचा उरलेला खालचा भाग म्हणजे एक उजळ ठिपका, आणि त्याला चिकटून त्याच्यापेक्षा कितीतरी लांब काळी सावली. ती सावली आधी शोधायची, मग यान सापडतं. सूर्य डोक्यावर असतानाचे फोटो मात्र वेगळं काही सांगतात: इंजिनाच्या झोतानं यानाभोवतीची धूळ उडून जमीन उजळलेली असते, आणि माणसं चालली तिथली माती उकरली जाऊन काळपट झालेली असते. बुटाचा एकेक ठसा दिसत नाही, तेवढी ताकद या कॅमेऱ्यात नाही. पण येऊन-जाऊन मळलेली वाट दिसते.

या सगळ्या फोटोंत माझं मन गुंततं ते अपोलो १४ च्या फोटोत. फेब्रुवारी १९७१. ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल, दोघंजण दोन चाकांची हातगाडी घेऊन कोन नावाच्या विवराकडं निघाले. विवर तीनशे मीटरहून रुंद. यानापासून सव्वा-दीड किलोमीटर, सगळी चढण. तिथल्या काठावर खोलातून वर फेकले गेलेले जुने दगड मिळतील, म्हणून तिथवर जायचं होतं. पण चंद्रावर हवा नाही, त्यामुळं लांबचा डोंगर धूसर दिसत नाही. झाड नाही, खांब नाही, घर नाही. जवळ काय आणि लांब काय, याचा अंदाजच येत नाही. एक उंचवटा चढून जावं, हाच काठ असं वाटावं, तर पुढं दुसरा उंचवटा. दोघांना धाप लागली, शेपर्डच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेपर्यंत गेले. वेळ संपत आली आणि पृथ्वीवरून परत फिरण्याचा निरोप आला. काठ न बघताच ते माघारी वळले.

जवळजवळ चार दशकांनी वरून फोटो आला. त्यात त्यांची वाट दिसते, बारीक काळपट रेघ, चढणीवर वळणं घेत गेलेली. त्या रेघेचं टोक विवराच्या काठापासून सुमारे तीस मीटरवर आहे. चाळीसएक पावलं! ती रेघ बघताना मला अजून भरून येतं. त्यांनी दगड आणले, काम केलं, मोहीम यशस्वी झाली, सगळं खरं. पण तो काठ त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवा होता.

अपोलो १७ च्या जागेवर रोव्हरच्या, म्हणजे चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या, चाकांच्या दोन समांतर रेघा आणि शेवटी उभा करून ठेवलेला रोव्हर दिसतो. अपोलो १२, १६ आणि १७ च्या झेंड्यांच्या सावल्याही ओळखता आल्या आहेत. अपोलो ११ चा झेंडा परत निघताना इंजिनाच्या झोतानं पडला, असं त्या मोहिमेतले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनीच सांगितलं होतं. तिथं सावली नाही.

आणि हे फोटो नुसते बघण्यापुरते नाहीत. सोव्हिएत रशियाची लूनोखोद १ ही चाकांची गाडी १९७० मध्ये चंद्रावर उतरली होती. तिच्यावर लेझरचा किरण परतवणारा आरसा होता, पण गाडी नक्की कुठं आहे हे कळत नसल्यानं तो वर्षानुवर्षं निरुपयोगी पडून होता. २०१० मध्ये ती या फोटोंत सापडली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पृथ्वीवरून सोडलेला लेझर तिच्यावरून परत आला. आपल्या विक्रमचंही तसंच. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान २ चा लँडर आदळला. चेन्नईच्या शण्मुग सुब्रमण्यन या इंजिनिअरनं आधीचे आणि नंतरचे फोटो घरी बसून शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिले आणि एक नवा ठिपका हेरला. डिसेंबरमध्ये नासानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्याच मोहिमेतलं आपलं कक्षेतलं यान मात्र ठणठणीत राहिलं. त्याच्यावरचा कॅमेरा शंभर किलोमीटर उंचीवरून सुमारे पाव मीटरपर्यंतचं बारीक टिपतो. २०२१ मध्ये त्यानं अपोलो ११ आणि १२ च्या जागा टिपल्या. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ चा विक्रम सुखरूप उतरला, तेव्हा त्याचाही फोटो याच कॅमेऱ्यानं काढला. माणूस चंद्रावर गेलाच नव्हता म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. इस्रोनं काढलेला अपोलोच्या जागेचा फोटो त्यांच्यापुढं ठेवते.

आता तुमच्यासाठी. फोटो बघण्याआधी चंद्र बघा. शुक्ल षष्ठी-सप्तमीच्या संध्याकाळी चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेजवळ, उजेडाच्या बाजूला जो काळसर सपाट भाग दिसतो, तो शांतीचा सागर. अपोलो ११ तिथं, त्याच्या दक्षिण भागात उतरलं. सूर्य तिथं नुकताच वर आलेला असतो. २० जुलै १९६९ लाही तो असाच, क्षितिजापासून दहा-अकरा अंशांवर होता. मुद्दाम तशी वेळ निवडली होती, म्हणजे उतरताना खाचखळगे सावल्यांवरून दिसावेत. शेपर्ड आणि मिचेल यांच्या जागी उजाडतं ते नवमी-दशमीला. साधी दुर्बीण असेल तर बरं, नसली तरी नुसत्या डोळ्यांनी चंद्राचा तो भाग ओळखता येतो. मग घरात येऊन अपोलो १४ चा फोटो उघडा, आणि यानापासून ती बारीक रेघ बोटानं धरून विवराकडं जा.

नमस्कार.