मामांच्या पडवीतला पॉइंट

(पहाट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीची चार्जिंगची गन, म्हणजे जाड वायरचा प्लग, काढली जाते. गाडीच्या स्क्रीनवर १०० टक्के.)

पहाटेचे साडेपाच. मे महिना. आंबे उतरलेत आणि आम्ही चौघं पुण्याहून कोकणात पावसला मामांकडे निघालोय. कराड, कोल्हापूर, आंबा घाट, हातखंबा आणि पावस, असे पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर. गाडीची बॅटरी ४०.५ युनिटची, वीजबिलातलं युनिट तेच हे. कागदावर ही गाडी एका चार्जमध्ये ४३७ किलोमीटर जाते. त्या हिशेबाने कुठेही न थांबता मामांचं दार गाठायला हवं.

तसं होत नाही, आणि त्यात कुणाची लबाडीही नाही. हा आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात गाडी रोलरवर धावते आणि सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटरच्याही खाली असतो. महामार्गावर इतकं हळू कोण चालवणार? वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो. आमच्या गाडीला ८०-८५ च्या वेगाने, एसी लावून, शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात. म्हणजे खरे २७० किलोमीटर, तेही बॅटरी पार रिकामी होईपर्यंत. मी प्रवास आखतो तो याच आकड्यावर.

(खंबाटकीचा चढ. मग कराड. एका हॉटेलच्या आवारातलं चार्जर.)

कराड, १६० किलोमीटर. ३९ टक्के उरलेत. चार्जर शोधायच्या ॲपवर हे चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होतं. इथे पोचलो तर मशिनवरचं लाल इमर्जन्सी बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं, आणि ते सोडवूनही मशीन जागं होईना. हेल्पलाइन लागेना. असं होतं, आणि अधूनमधून नाही, बऱ्याचदा होतं. म्हणून कुठलंही चार्जर गाठताना मी त्याच्या पुढचंही चार्जर हेरून ठेवतो आणि तिथवर जाण्यापुरती बॅटरी हातची राखतो. निघण्याआधी ॲपवर ‘उपलब्ध’ आहे का एवढंच बघू नका. तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघा, आणि हॉटेलचा नंबर मिळाला तर सरळ फोन लावा. गल्ल्यावरचा माणूस खरं काय ते सांगतो.

दुसरं चार्जर तीन किलोमीटरवर मिळालं. मिसळ, चहा आणि चाळीस मिनिटं. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंगचा वेग पडतो, म्हणून तेवढ्यावरच गन काढली. कोल्हापुरात जेवणाच्या वेळी पुन्हा गन लावली. ८५ टक्के झाले आणि घाटाकडे वळलो.

(मलकापूरच्या पुढचा रस्ता. दोन्ही बाजूंना झाडी. आंबा घाटाचा माथा.)

आता नकाशात न दिसणारी गोष्ट. गाडी आणि चार माणसं मिळून १,७०० किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर वर चढवायला पावणेतीन युनिट लागतात, पुढे सरकायला लागतात ते वेगळे. उतरताना मोटर उलट काम करते आणि बॅटरीत वीज भरते, पण सगळी नाही. आज माथ्यावर ६२ टक्के होते. दहा-अकरा किलोमीटर उतरून साखरप्याकडे आलो तेव्हा ६३. एक टक्का वाढला, मागे बसलेल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र परवाची काळजी होती. परवा हाच घाट चढायचाय.

(संध्याकाळ. जांभ्या दगडाचं घर, पडवी, अंगणात आंब्याच्या पेट्या.)

पावस. ३८ टक्के. एवढ्यावर परत कोल्हापूर गाठता येत नाही. वेगवान चार्जर हवं तर वाकडी वाट करून रत्नागिरीत जायचं आणि ते चालू असावं अशी आशा करायची. पण मामांच्या पडवीत पाण्याच्या पंपासाठी १५ अँपियरचा पॉइंट आहे. त्यावर गाडी तासाला तीनेक युनिट घेते. मला हवे होते पंचवीस. म्हणजे एका रात्रीचं काम.

प्लग लावला. गाडीसोबतच्या छोट्या चार्जरवर लाल दिवा.

“पंप चालतो तर गाडी का नाही चालत?” मामांचा प्रश्न रास्त होता. अर्थिंग म्हणजे गळालेली वीज जमिनीत सोडणारी तार. पंपाला ते नसलं तरी तो फिरतो, गाडीचं चार्जर आधी अर्थिंग तपासतं. शेजारचे वायरमन काका टॉर्च घेऊन आले, घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी बसले आणि बोटाने माती उकरली. भुकटी झालेली.

“जांभा आहे हा, मे महिन्यात पार कोरडा पडतो. दोन बादल्या पाणी आणा, आणि खडेमीठ असेल तर मूठभर.”

मामींनी बरणीच आणली. पाणी ओतलं. माती फसफसली, शोषून घेतलं, अजून एक बादली. पंधरा मिनिटांनी प्लग लावला आणि दिवा हिरवा झाला.

हे सांगतोय कारण या लाल दिव्यावर एक घातक उपाय फिरतोय. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार अर्थिंगला जोडायची, म्हणजे चार्जर फसतं. कृपा करून हे करू नका. न्यूट्रल कुठे तुटली, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि त्या गाडीला सकाळी पहिला हात लहान मूल लावेल. एक्स्टेंशन बोर्डही नको. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर बंद करा.

कोकणातल्या लॉजवाल्यांना, घरगुती खानावळवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लाखोंचं मशीन नको. मीटरपासून वेगळी चार एमएमची वायर, एक एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि १५ अँपियरचा पॉइंट, एवढंच द्या. युनिटप्रमाणे पैसे घ्या, आम्ही आनंदाने देऊ. मी मुक्काम ठरवताना खोलीच्या आधी या पॉइंटची चौकशी करतो.

(तिसऱ्या दिवशीची सकाळ. स्क्रीनवर १०० टक्के. मग घाटाची वळणं, वर चढणारी गाडी.)

साखरपा सोडला तेव्हा ७७ टक्के होते. माथ्यावर ६७. सपाटीवर एवढ्या अंतराला चार टक्के लागले असते. मुलं गप्प बसून आकडे मोजत होती.

कोल्हापुरात ४४ टक्क्यांवर गन लावली, तेवढ्यात मामांचा फोन.

“पोचलात ना? वायरमनला सांगितलंय. फाटकाजवळ नवा पॉइंट काढतोय, चार एमएमची वायर टाकून. पुढच्या खेपेला गाडी तिथेच लाव.”