कोंबडीच्या पैशातून उभी राहिलेली थिंक टँक

लंडनमधली ही लॉर्ड नॉर्थ स्ट्रीट. जुनी विटांची घरं, पार्लमेंट इथून चालत पाचेक मिनिटं. यातल्या २ नंबरच्या घरात इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स बसते, सगळे आयईए म्हणतात. ही थिंक टँक, म्हणजे अभ्यास छापून सरकारी धोरणावर प्रभाव टाकू बघणारी संस्था, आणि हिचा आग्रह मुक्त बाजाराचा. पण आपली गोष्ट इथून नाही, कोंबड्यांच्या खुराड्यातून सुरू होते, खरंच.

१९४५ साल. अँटनी फिशर नावाचा माणूस, युद्धात फायटर पायलट होता, भाऊ त्याच लढाईत गेलेला. त्याने रीडर्स डायजेस्टमध्ये अर्थतज्ज्ञ हायेकच्या 'रोड टू सर्फडम'चा (सरकारने अर्थव्यवस्था हातात घेतली की माणसाचं स्वातंत्र्य जातं, असं सांगणारं पुस्तक) सारांश वाचला, आणि वाचून काय करावं, तर थेट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन हायेकलाच गाठलं. म्हणाला, मी राजकारणात उतरतो. हायेक म्हणाला, अजिबात नको, पुढारी लोकांच्या मागे जातात आणि लोक विचारवंतांच्या, तेव्हा आधी ती डोकी पकड.

बरोबर आहे, पण डोकी पकडायला पैसा लागतो ना! फिशर शेतकरी माणूस. १९५२ ला अमेरिकेत गेला तर तिथे एका छपराखाली हजारोंनी ब्रॉयलर वाढवतायत. तेव्हा इंग्लंडात चिकन म्हणजे सणासुदीचं जेवण, आपल्याकडे पुरणपोळी असते तसं. याने ससेक्समध्ये बक्स्टेड चिकन काढली आणि चिकन एवढं स्वस्त केलं की ते रोजच्या ताटात आलं. त्याच कमाईतून १९५५ ला आयईए. मग राल्फ हॅरिस आणि आर्थर सेल्डन आले, खरं काम या दोघांचं. पातळ पातळ पुस्तिका काढायच्या, आणि त्या पत्रकार, प्राध्यापक, मास्तर लोकांच्या हातात जातील असं बघायचं. मतं मागायची नाहीत. १९७९ ला मार्गारेट थॅचर निवडणूक जिंकून पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी या मंडळींचे आभार मानले, हॅरिस लॉर्ड झाला.

(हे फक्त लंडनचं फॅड नव्हतं बरं का, १९५६ ला मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनीही फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलाच की, त्याही पुस्तिकाच छापायच्या.)

फिशरने १९६८ मध्ये कंपनी विकली, २ कोटी १० लाख पौंडांना. आलेला पैसा केमन बेटांवर कासवं पाळण्यात घातला, अमेरिकेने कासवाच्या मालाची आयातच बंद केली, सगळं बुडालं. तरी गडी थांबला नाही, १९८१ ला अ‍ॅटलस काढली, म्हणजे थिंक टँक काढून देणारी थिंक टँक!

आता पैशाचं बघू. आयईए देणगीदारांची यादी देत नाही, म्हणते त्यांची प्रायव्हसी आहे. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीने पैसे दिल्याचं कंपनीनेच मान्य केलंय, आणि सिगारेट लोगोशिवायच्या साध्या पाकिटातच विकायला लावणाऱ्या कायद्याला आयईएचा कडक विरोध होता. संस्था म्हणते देणगीचा आणि मतांचा संबंध नाही. असेलही, पण यादीच नाही तर आपण ताडून बघायचं कशाशी? फिशरच्या काळात निदान कोंबडी तरी दिसायची. २०१८ मध्ये बातमी आली की बीपी ही तेल कंपनी आयईएला पैसे देतेय, आणि कधीपासून, तर १९६७ पासून, म्हणजे कोंबड्या विकायच्या एक वर्ष आधीपासून.