पोळलं? आधी पाणी, वीस मिनिटं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

डिसेंबरातली सकाळ. अंगणात बंब पेटलाय. बादलीत पडणारं हे पाणी बघा, वाफेनं कॅमेऱ्याची काच धुरकटली. विसण अजून पडायचंय, आणि रांगतं बाळ उंबऱ्यापर्यंत आलंय.

६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. बाळाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून बादलीत गार पाणी आधी, कढत मागून.

ही अंगणवाडी. आशाताईंच्या मांडीवर बाहुली आहे. अंगात झबलं, खाली लंगोट, हातात मनगट्या. ताईंचे हात कुठे जातात ते बघा. आधी झबलं आणि लंगोट निघाला, कारण कढत पाणी प्यायलेलं कापड अंगावर असेपर्यंत भाजतच राहतं. डायपरचंही तेच. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीनं कापायचं. मग मनगट्या, वाळे, करदोटा. सूज चढली की ते निघत नाहीत.

आता नळ. साधं गार पाणी, बारीक धार, थेट पोळलेल्या जागेवर. बर्फ नाही, फ्रिजमधलं बर्फगार पाणीही नाही. वरून कातडी गार लागली तरी आतली धग लगेच उतरत नाही, म्हणून पूर्ण २० मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष असू द्या; आम्ही इथे दृश्य पळवलंय, तुम्ही घाई करू नका. नळाला पाणी नाही? ताईंनी तांब्या घेतला. संथ, सलग धार. पोळून तीन तासांच्या आत असाल तर उशिरा धरलेल्या धारेचाही उपयोग होतो. बाकीचं अंग गोधडीत आहे, हे नीट बघून ठेवा. थंडीत तान्हं बाळ पटकन गारठतं. ते कुडकुडायला लागलं किंवा मलूल पडलं तर पाणी थांबवा, अंग पुसून उबेत घ्या आणि दवाखाना गाठा.

या ताटात हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस. घरोघरी हेच लावलं गेलं, आणि मायेनंच लावलं गेलं. पण तुपानं धग आत कोंडते. शाईखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. आणि लावलेलं सगळं खरवडून काढताना त्या लेकराला पुन्हा सोसावं लागतं. यातलं काहीही लावू नका.

धुतलेलं सुती कापड, सैलसर. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. फोड फोडायचा नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनाच्या मापानं.

पोळलेली जागा मुलाच्या स्वतःच्या पंज्याहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा शूची जागा असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर घरी थांबू नका. सांध्यावरची खोल जखम भरताना कातडी आखडते, आणि मग वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया कराव्या लागू शकतात.

रुग्णवाहिकेसाठी १०८. एकानं फोन लावायचा, दुसऱ्यानं पाण्याची धार थांबवायची नाही.