हिशेब दाखवा

(दृश्य: सुप्याची बाजारपेठ, सकाळ. दुकानांची शटरं वर जात आहेत.)

हे सुपे. पुणे जिल्हा, बारामती तालुका. 12 मे 1875 रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकानं लुटली गेली, आगी लागल्या. पण नंतर बसलेल्या चौकशी आयोगासमोर एक वेगळीच गोष्ट पुढे आली. जमावाला हवी होती खतं. रोखे, वह्या, कर्जाचे कागद. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तिथे सहसा पुढे काही झालं नाही.

दंग्याचं लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो कोसळला होता. शेतसारा वाढला होता. पण लोकांचा राग साठला होता तो कागदावर. त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. दिले किती, फेडले किती, हे सावकार सांगेल ते खरं. आणि कोर्ट त्याच कागदावर हुकूमनामा देणार.

सरकारला 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. त्यात न्यायाधीशाला एक मोठा अधिकार मिळाला: रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मागे जायचं, व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा, मुळात हातात पैसे किती पडले ते शोधायचं आणि मग हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही थांबलं.

त्याच हिशेबाचा माग आपण आज घेणार आहोत. कर्जात रुतलेला माणूस तो कधी मागतो, आणि मागितल्यावर काय होतं.

(दृश्य: डोंबिवली स्टेशन. लोकलची गर्दी. हातांतले फोन.)

महिन्याची पाच तारीख. या गर्दीतल्या कित्येकांच्या फोनवर आज सकाळी मेसेज आलाय. हप्ता कापला गेला. किंवा खात्यात पैसे नव्हते म्हणून कापला गेला नाही, आणि त्याचा दंड वेगळा.

पगारदार माणूस पहिली वाट धरतो ती फिरवाफिरवीची. या कार्डाचं बिल त्या कार्डावरून, त्याचं बिल ॲपवरून घेतलेल्या कर्जातून. महिना निघतो. पण धरा, कार्डावर 60,000 रुपये थकलेत. दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378 रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, समजा 3,000. ती भरली की वाटतं, भागलं. प्रत्यक्षात मुद्दल कमी झालं 522 रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही म्हणून बिनव्याजी मुदतही गेली. आता पुढच्या किराण्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज.

वर्षानुवर्षं ‘किमान’ भरणारी माणसं बेफिकीर नसतात. उलट ती तारीख न चुकवणारी, प्रामाणिक माणसं असतात. बिलावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा त्यांनी खरा मानलेला असतो, एवढंच.

फिरवाफिरवी दर वेळी घातच करते असंही नाही. हेच 60,000 बँकेच्या 14 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर नेले, तर महिन्याचं व्याज 700 रुपयांच्या आसपास येतं. अट एकच, रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही. ज्यांना हे जमतं, त्यांच्या घरी आधी एक अवघड संध्याकाळ झालेली असते. सगळी देणी, मेव्हण्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांपर्यंत, एका कागदावर उतरतात. प्रत्येकापुढे व्याजाचा दर. आणि तो कागद नवरा बायकोला किंवा बायको नवऱ्याला दाखवते. कर्ज लपवण्यात किती ताकद खर्च होते, हे ज्याने लपवलंय त्यालाच ठाऊक.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य माहितीचं पत्रक द्यावं लागतं. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते एक पान मागून घ्या.

(दृश्य: कारखान्याचं गेट, पाळी सुटते आहे.)

महाराष्ट्रातल्या नोकरदाराची दुसरी वाट म्हणजे पगारदारांची पतसंस्था. व्याज परवडणारं, माणसं ओळखीची. पण फॉर्मवर दोन जामीनदार लागतात, आणि जामीनदार म्हणजे शेजारच्या मशीनवरचा मित्र. तू माझ्यासाठी सही कर, मी तुझ्यासाठी करतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा, त्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हप्ते थकले की संस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवते, आणि मग मित्राच्या पगारातून कपात सुरू होते. कर्जापायी इथे जे तुटतं त्याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही. थकण्याची चिन्हं दिसताच जामीनदाराला सांगणं, त्याला सोबत घेऊन संस्थेकडे हप्ते वाढवून मागणं, हे फार थोडे जण करतात. मला वाटतं, हे केलंच पाहिजे.

(दृश्य: तालुक्याच्या गावातली गल्ली. संध्याकाळ.)

आणि मग सावकार. ज्याच्याकडे बँकेचं पासबुक आहे तोही इथे येतो, कारण इथे पैसे आज मिळतात. शेकडा पाच, शेकडा दहा, आणि तेही महिन्याला. तारण म्हणून सही केलेले कोरे चेक, कोरा स्टॅम्प पेपर. रक्कम मोठी असेल तर जमिनीचं खुशखरेदी खत. तोंडी सांगतात, ‘पैसे फेडलेस की जमीन परत फिरवून देतो.’ कागदावर मात्र ती विक्री असते, सातबाऱ्यावर नाव बदलतं.

अशा माणसाला वाटतं आपण पुरते अडकलो, सही तर आपणच केली. म्हणून हे सावकाश ऐका.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असलेल्या सावकारालाही दराची मर्यादा आहे. सरकारने 2014 साली ठरवून दिलेले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. इतरांना 15 आणि 18 टक्के. पुन्हा सांगतो, वर्षाला.

तक्रार द्यायची ती जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे, किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. त्यांना पोलिसांसह झडती घेता येते, चेक, वह्या, खतं जप्त करता येतात. आणि कलम 18 प्रमाणे, मागच्या 15 वर्षांतला जमिनीचा व्यवहार सावकारीतून झाल्याचं चौकशीत सिद्ध झालं, तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देता येते.

हे सोपं नाही. व्यवहार सावकारीचाच होता हे दाखवायला पुरावा लागतो, आणि सावकाराने तर पावती कधी दिलेलीच नसते. म्हणून फोन-पेवरून दिलेलं व्याज, व्हॉट्सॲपवरचा तगादा, कोणत्या तारखेला कोणासमोर पैसे दिले याची आपली स्वतःची वही, हे सगळं जपायचं. गावात राहून तक्रार करायला छाती लागते, हेही खरं. जे ती करतात त्यांच्या मागे गावाने उभं राहायला हवं.

(दृश्य: महिला बचत गटाची बैठक. पेटी, पासबुकं.)

कित्येक घरांत सावकाराचा पाश सोडवला तो गटाने. शेकडा दोनने उचललेली रक्कम थेट सावकाराच्या तोंडावर फेकून आलेल्या बाया गावोगाव भेटतील. गटाचं व्याज गटातच राहतं. भिशीचं तसं नाही. लिलावाच्या भिशीत ज्याला घाई तो पडत्या रकमेत पैसे उचलतो, आणि भिशी चालवणारा पळाला तर जायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

सोनं गहाण टाकायला लाज वाटायचं कारण नाही. घरात मणी-मंगळसूत्र असताना शेकडा दहाने पैसे उचलणं जास्त महाग. फक्त एवढं माहीत असावं, की लिलावाची वेळ आलीच तर येणं वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते.

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत फोनचा उजेड.)

ॲपवाल्या कर्जाची भीती वेगळी. पाच हजारांपायी फोनमधले सगळे नंबर, सगळे फोटो त्यांच्या ताब्यात जातात आणि मग ऑफिसातल्या माणसांना घाणेरडे मेसेज सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केले: कर्ज देणाऱ्या ॲपने तुमची संपर्क यादी, तुमचे फोटो यांना हात लावायचा नाही, आणि रक्कम बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी. जे ॲप हे पाळत नाही त्याचं एक देणं भागवायला दुसरं ॲप उतरवू नका. 1930 हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. बदनामीच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट काढा, तक्रार नोंदवा. आणि ऑफिसात, घरी, तुम्हीच आधी सांगून टाका. त्यांच्या हातातलं हत्यार मग बोथट होतं.

वसुलीवाल्यांनाही वेळेचं बंधन आहे. बँका आणि वित्त कंपन्यांच्या माणसांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याला फी नाही.

आणखी एक धमकी सर्रास दिली जाते, ‘आत टाकीन.’ नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस अटक करत नाहीत. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याला हुकूमनाम्यापायी तुरुंगात डांबता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56. कलम 60 म्हणतं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं यांवर जप्ती नाही. चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होतो. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, आणि कोरा चेक कोणालाच देऊ नका.

(दृश्य: जिल्हा न्यायालय. लोकअदालतीचा मांडव.)

तडजोड हा शब्द आता जाहिरातीत आलाय. ‘निम्म्यात कर्ज मिटवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्यात. त्या महिन्याची फी घेतात, हप्ते बंद करायला सांगतात, आणि मध्यंतरी व्याज चढत राहतं. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः करू शकता. राष्ट्रीय लोकअदालतीत कोर्ट फी नाही, आणि आकडा पटला नाही तर सही न करता परत येता येतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कामगारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. जायच्या आधी खात्याचा पूर्ण उतारा मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. बहुतेक वेळा सूट मिळते ती व्याज-दंडात, आणि तो किती आहे हे माहीत नसेल तर मागणार काय? ठरलेला आकडा लेखी घ्या, पैसे भरल्यावर येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या. सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येईल आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड होईल. ज्याला रात्रीची झोप हवी आहे त्याने ही किंमत समजून उमजून मोजावी.

आणि झोपच उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 वर फोन करा. टेली-मानस, कुठल्याही वेळी, मराठीत, मोफत.

(दृश्य: बीड जिल्हा, दसऱ्यानंतरची पहाट. ट्रॅक्टरवर संसार चढतो आहे.)

कारखान्याच्या वाटेवरचं हे जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती ऊस तोडून फेडायची. हंगाम संपतो, बाकी उरते, पुढच्या वर्षी पुन्हा तोच फड. सुटायचं तर दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन पहिल्याची भागवायची. किती टन तोडला, किती वळती झाली, याची नोंद मुकादमाच्या डायरीत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. तरी ही डायरी कोयत्याच्या हातात कधी पडत नाही.

शेवटी एक कायदा. 2016 साली संसदेने दिवाळखोरीची नवी संहिता केली. तिच्या तिसऱ्या भागात गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वर्षाचं उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि छाननीनंतर त्याचं कर्ज कायद्याने पुसलं जावं. कंपन्यांसाठी ही संहिता त्याच वर्षी सुरू झाली. कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली. साध्या माणसासाठीचा भाग हे निवेदन लिहीपर्यंत लागू झालेला नाही. त्याच्यासाठी अजून इंग्रजांच्या वेळचे कायदे, मुंबईत 1909 चा आणि बाकी महाराष्ट्रात 1920 चा. 2016 मध्ये लिहिलेल्या त्या मर्यादाही आता तुटपुंज्या झाल्यात. त्या वाढवाव्यात आणि हा भाग लागू करावा, ही मागणी आपल्या खासदाराकडे कोणी लेखी केली आहे का?