चूक कटावी अशी मोजणी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर महाविद्यालयातली मुलं-मुली आहेत, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतली मंडळी आहेत, काही निवृत्त शिक्षकही दिसतात. म्हणून सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करतो: दोन पारड्यांचा तराजू.

मंडईतले जुने व्यापारी रिकामा तराजू आधी उचलून बघायचे. एक पारडं खाली गेलं की दुसऱ्यात पासंग टाकून दांडी सरळ करायचे. पारड्यांच्या वजनात फरक असेल तर तो पासंगानं भरून निघतो. पण दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असेल तर पासंग टाकूनही चूक उरतेच, कारण ती मालाच्या वजनाबरोबर वाढत जाते. समजा एक हात एक टक्क्यानं लांब आहे. एक किलो माल लांब हाताकडे ठेवला, तर समोर १०१० ग्रॅमची वजनं लागतील. तोच माल आखूड हाताकडे ठेवला, तर ९९०.१ ग्रॅम. दोन्ही आकडे चूक. आता त्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. बरोबर १००० येतं. दांडीचे हात किती लांब आहेत हे आपण मोजलंही नाही, तरी उत्तर बरोबर आलं. ही रीत गाऊसच्या नावानं ओळखली जाते.

तराजू तोच आहे, त्याचा दोषही तसाच आहे. बदलली फक्त तोलण्याची मांडणी. आज मला एवढंच सांगायचं आहे की भौतिक विज्ञानात मोजमापाची जी मोठी झेप दिसते, तिच्यातला फार मोठा वाटा या मांडणीचा आहे. महागडं, नाजूक उपकरण लागतंच. पण चूक आपोआप कटेल किंवा निदान उघडी पडेल अशी मोजणी आखता येणं, ही त्याहून दुर्मिळ गोष्ट आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात ती फारशी शिकवली जात नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत ‘त्रुटींची कारणं’ म्हणून शेवटी चार ओळी असतात. त्या ओळी खरं तर प्रयोग मांडायच्या आधी लिहायला हव्यात.

तराजूचंच आणखी एक उदाहरण. गुळाची ढेप आणि साखरेची पिशवी अशा दोन वस्तू तोलायच्या आहेत, आणि तराजूची प्रत्येक वेळी थोडी इकडेतिकडे चूक होते. सरळ रीत म्हणजे एकदा गूळ तोला, एकदा साखर. दुसरी रीत अशी: पहिल्यांदा दोन्ही एकाच पारड्यात ठेवून बेरीज काढा, मग समोरासमोर ठेवून फरक काढा. बेरीज आणि फरक मिळवून निम्मं केलं की गूळ, वजा करून निम्मं केलं की साखर. तोलणं दोनदाच झालं, पण प्रत्येक वस्तू दोन्ही तोलण्यांत भाग घेऊन गेली. त्यामुळे अचूकता इतकी मिळते, जणू प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे दोन-दोनदा तोलली. चार तोलण्यांचं काम दोनात झालं. शेतीच्या प्रयोगांचा हिशेब बसवणाऱ्या फ्रँक येट्सनं १९३५ मध्ये हा विचार मांडला आणि हॅरोल्ड हॉटेलिंगनं १९४४ मध्ये त्याला नीट गणिती रूप दिलं. वस्तू जितक्या जास्त, तितका फायदा मोठा.

आता कारखान्यातल्या मंडळींसाठी. लांबीच्या मापाचं जगभरचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात आपल्या शेडमध्ये ४० अंश असतात. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब, म्हणजे घडवायचा भाग, २० अंशांच्या फरकानं साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतो. तरी पोलादी मापानं मोजला तर आकडा बरोबर येतो, कारण मापही तेवढंच वाढलेलं असतं. चूक कटली. तोच जॉब अॅल्युमिनियमचा असेल तर तो जवळपास दुप्पट वाढतो, माप मात्र पोलादाइतकंच वाढतं, आणि २३ मायक्रॉनची तफावत राहते. १०० मिलिमीटरच्या भोकाला ‘एच-सेव्हन’ या दर्जाचा टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, एकूण ३५ मायक्रॉनचा. त्यातला दोन तृतीयांश हवेनंच खाल्ला! शेडमध्ये दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी दहाही वेळा तीच चूक तिकडेच झुकलेली असते. सरासरीनं इकडेतिकडे होणारी चूक कमी होते, एकाच बाजूला झुकलेली चूक जागची हलत नाही.

तशी चूक पकडायचा खात्रीचा उपाय म्हणजे तीच गोष्ट पूर्ण वेगळ्या वाटेनं मोजणं. लॉर्ड रॅलीनं हवेतून काढलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगातून काढलेला नायट्रोजन, दोन्हींची घनता काढली. हवेतला सुमारे अर्धा टक्का जड निघाला. पुन्हा पुन्हा मोजलं तरी फरक जाईना. त्यानं तो फरक सरासरीत विरघळू दिला नाही आणि १८९४ मध्ये, विल्यम रॅमझीच्या साथीनं, त्यातून आर्गॉन हे नवं मूलद्रव्य हाती आलं.

किलोग्रॅमचंही असंच झालं. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्हरला ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलोग्रॅम. शंभरेक वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला. ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगणार कोण? ठोकळा हेच तर माप! यातून सुटका करणारं यंत्र १९७५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ब्रायन किबलनं सुचवलं. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं टांगायचं. पहिल्या खेपेला वेटोळ्यातून वीज सोडून वजन तोलून धरायचं. त्यात चुंबकाची ताकद आणि तारेची लांबी यांचा गुणाकार येतो, आणि नेमका तोच हव्या त्या अचूकतेनं मोजणं जवळजवळ अशक्य. दुसऱ्या खेपेला तेच वेटोळं ठराविक वेगानं हलवायचं आणि निर्माण होणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजायचा. त्यातही तोच गुणाकार. एकाला दुसऱ्यानं भागलं की तो नकोसा गुणाकार उडून जातो. उरतात वजन, वेग, व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह, आणि विजेची मापं क्वांटम परिणामांमुळे थेट प्लांकच्या स्थिरांकाशी, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याशी, जोडता येतात. गाऊसचा तराजू डोळ्यासमोर आणा, विचार अगदी तोच आहे.

पण एवढ्यावर जगानं किलोग्रॅम बदलला नाही. सिलिकॉनच्या अतिशुद्ध गोळ्यातले अणू मोजण्याची दुसरी, पूर्ण स्वतंत्र वाट होती. दोन्ही वाटांची उत्तरं जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी अटच होती. ती जुळली, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर उभा आहे. मोजमापाच्या इतिहासात इतका सबुरीचा निर्णय मला दुसरा दिसत नाही.

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ अँटेना मधल्या एक चौरस किलोमीटरच्या आसपास, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जवळून पाहिलं तर थक्क व्हायला होतं, कारण डिश म्हणावी असा पत्रा कुठेच नाही! नळ्यांच्या १६ चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारांचे दोर, आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची स्टेनलेस स्टीलची जाळी. जाळीची भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. उभं राहिलं की डिशमधून आभाळ दिसतं.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही आखणी. या दुर्बिणीला पकडायची सर्वांत आखूड लहर सुमारे २१ सेंटिमीटरची. पृष्ठभागातली चूक लहरीच्या सोळाव्या-विसाव्या भागाच्या आत असली की भागतं, असा ठोकताळा आहे. म्हणजे इथे सेंटिमीटरभर चूक खपते. त्याच पुणे-नाशिक रस्त्याच्या बाजूला गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेची दोन मीटरची प्रकाशीय दुर्बीण आहे. तिच्या आरशाला तोच ठोकताळा लावला तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत बोलावं लागतं. स्वरूप यांनी जिथे अचूकपणा लागत नव्हता तिथे तो विकत घेतला नाही. वारा जाळीतून आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका झाला, खर्च उतरला, आणि त्या पैशात अँटेनांची संख्या वाढली. ही संख्या किती मोलाची आहे ते आता सांगतो.

रेडिओ दुर्बीण प्रत्येक दोन अँटेनांची जोडी लावते आणि त्यांच्यापर्यंत लहर किती पुढे-मागे पोचली ते मोजते. त्याला आपण फेज म्हणू. पण प्रत्येक अँटेनावर स्वतःची चूक असते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना लहर लडखडते, आणि इलेक्ट्रॉनिक्सचीही थोडी सरक असतेच. क आणि ख या जोडीच्या मापात आकाशाची खरी फेज असते, तिच्यात क ची चूक मिळवलेली आणि ख ची वजा झालेली. ख-ग जोडीत ख ची मिळवलेली, ग ची वजा. ग-क मध्ये ग ची मिळवलेली, क ची वजा. तिन्ही मापांची बेरीज करा. प्रत्येक चूक एकदा अधिक, एकदा उणे येते. सगळ्या कटल्या! उरली ती निव्वळ आकाशाची माहिती. रॉजर जेनिसननं १९५८ मध्ये हे दाखवलं, आणि वर्गात फळ्यावर हे तीन ओळींत मांडताना मला आजही तेवढाच आनंद होतो.

तीन अँटेनांत असा एकच त्रिकोण. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि चुका मात्र अँटेनागणिक एक, म्हणजे तीसच. त्यातलीही एक शून्य धरता येते. म्हणजे २९ अज्ञात गेले तरी ४०६ स्वतंत्र, निर्दोष मापं हातात राहतात. अँटेनांच्या चुकाही त्याच नोंदींतून सोडवून घेता येतात. अर्थात सगळं इतकं सरळ नाही. कमी वारंवारतेला आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो आणि त्यात दिशेदिशेला चूक वेगळी असते, तिथे आजही घाम गाळावा लागतो. तरीही, स्वस्त जाळी, त्यातून जास्त अँटेना, त्यातून जास्त जोड्या, आणि त्यातून कटणाऱ्या चुका, ही साखळी मला भारतीय प्रयोगविज्ञानातली सर्वांत सुंदर आखणी वाटते.

खोडदचा आणखी एक उपयोग थोडक्यात सांगतो. पल्सार हे फिरते तारे घड्याळासारखे ठोके देतात. ठोके पुढे-मागे झाले तर दोष कोणाचा? पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं असेल तर सगळे पल्सार एकसारखे चुकलेले दिसतात. पृथ्वीच्या जागेचा हिशेब चुकला असेल तर एका बाजूचे पुढे आणि समोरच्या बाजूचे मागे. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणारी लहर, असेल तर दोन पल्सारांमधल्या कोनाप्रमाणे बदलणारा एक तिसराच साचा दिसतो. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी तो १९८३ मध्ये काढून ठेवला होता. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय गटानं, जीएमआरटीची मापं धरून, अशा लहरींचा पुरावा जाहीर केला.

शेवटचा विषय लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड इथल्या दोन वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी बाहूंत लेसर धावतो. लेसरची स्वतःची थरथर दोन्ही बाहूंत सारखीच जाते, म्हणून वजाबाकीत ती जवळजवळ नाहीशी होते. जमिनीची थरथर तशी कटत नाही. तिच्यासाठी ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर काचेच्या बारीक धाग्यांनी टांगावे लागतात. त्यातूनही जे स्थानिक उरतं, त्यासाठी सुमारे ३००० किलोमीटर दूर दुसरी वेधशाळा. १४ सप्टेंबर २०१५ ला लहर आधी लिव्हिंगस्टनला आली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. त्या गोंगाटातून अपेक्षित लहरीचा आकार जुळवून संकेत शोधण्याच्या पद्धतीवर संजीव धुरंधर यांनी आपल्या आयुकात मूलभूत काम केलेलं आहे.

या मंडळींनी स्वतःच्या मनावरही तीच रीत चालवली. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी, इतरांना न सांगता, यंत्रात खोटा संकेत घातला. गटानं तो शोधला, तपासला, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये खरं काय ते लिहून ठेवलेलं पाकीट उघडलं तेव्हा कळलं की संकेत घातलेला होता. हवं ते दिसण्याची ओढ प्रत्येक संशोधकाला असते. ती किती आहे हे मोजायचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. तीन किंवा अधिक वेधशाळा असल्या की एक मजेची गोष्ट जमते: लहरीची दिशा माहीत असेल तर त्यांच्या नोंदी अशा मिसळता येतात, की लहरच कटून जाते आणि मागे निव्वळ गोंगाट उरतो. तिथे लहरीचा काही अंश शिल्लक दिसला, तर समजायचं की कुठल्या तरी यंत्राचं माप बिघडलंय.

मात्र एक चूक यातूनही सुटते. आरसा नेमका किती हलला हे ठरवण्यासाठी त्यावर ठराविक ताकदीचा लेसर मारतात. प्रकाशाचा दाब आरशाला ढकलतो आणि त्यावरून यंत्राची पट्टी आखली जाते. लेसरची ताकद मोजण्याचं मूळ प्रमाणच चुकलं असेल, तर त्यावर आखलेल्या सगळ्या वेधशाळा एकत्र, एकाच प्रमाणात चुकतील. लहरीच्या उंचीवरून आपण स्रोताचं अंतर काढतो आणि अंतरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग. तिथवर ती चूक निमूट पोचेल. म्हणून इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेत दुसरी वाट करून पाहिली आहे: आरशाजवळ एक जड चाक फिरवायचं आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणानं आरसा किती हलतो ते बघायचं. यात लेसरच्या ताकदीचा संबंधच येत नाही. हिंगोलीत असं चाक पहिल्या दिवसापासून बसवावं, त्यासाठी इमारतीच्या पायात जागा आत्ताच सोडावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. आणि त्या चाकाचं वस्तुमान, आकार आणि आरशापासूनचं अंतर अचूक ठेवण्याचं काम आपल्या भोसरीच्या टूलरूममध्ये होऊ शकतं.