स्पेक्ट्रोमीटरच्या पेटीतली हलगी

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या आणि समाजाच्या जीवनात कलांचे मोल काय, या विषयावर मी बोलावे असे मला सुचवण्यात आले आहे. विषय भारदस्त आहे आणि वेळ मोजकी आहे, म्हणून तीन सालांपासूनच सुरुवात करते. ती साले अशी: १९११, १९४९ आणि १९८७.

१९११ साली भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९८७ साली त्या विद्यापीठात ललित कला केंद्र उभे राहिले. आता वजाबाकी करून पाहा. पहिल्या दोन सालांमध्ये अंतर ३८ वर्षांचे आहे आणि दुसऱ्या दोन सालांमध्येही ३८ वर्षांचेच. म्हणजे विद्यापीठ निघण्याच्या ३८ वर्षे आधी हे शहर एका संस्थेत बसून रीतसर गाणे शिकू लागले होते, आणि संगीत, नृत्य व नाटक यांच्यासाठी आपल्या आवारात केंद्र असावे असे विद्यापीठाला वाटून ते प्रत्यक्षात यायला पुढे आणखी ३८ वर्षे जावी लागली. मधल्या काळात शहर थांबलेले नव्हते. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि १९६८ साली जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिराचा पडदा उघडला.

हा हिशेब मी विद्यापीठाला टोचण्यासाठी मांडलेला नाही. विद्यापीठाने समाजाला कला द्यावी, असे आपण सहज बोलून जातो. निदान पुण्यात तरी ती उलट दिशेने, पेठांतून विद्यापीठाकडे गेली, एवढेच मला नोंदवायचे आहे. आणि ती तशी जाऊ शकली याचे कारण कलेच्या एका स्वभावात आहे. ज्याच्याकडून शिकायचे त्याचे नाव पगारपत्रकाच्या कोणत्या ओळीवर आहे, हे कला विचारत नाही. हे वाक्य मी पुन्हा एकदा सांगणार आहे, पण त्याआधी ते मला जिथे कळले ती हकीकत सांगते.

मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. कलामंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली ती माझ्या कलागुणांमुळे नव्हे, तर ज्या बैठकीत ती वाटली गेली त्या बैठकीला मी उशिरा पोहोचले म्हणून. ही गोष्ट सुमारे तीस वर्षांपूर्वीची आहे. आमच्या मुलांनी पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका बसवायला घेतली होती. पुण्यातल्या श्रोत्यांना पुरुषोत्तम म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेने भरत नाट्य मंदिरात किती जणांचे घसे बसवले आहेत, ते शेजारच्या घरांना विचारावे. झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांना तिथे महत्त्व असते, म्हणून आमच्या मुलांनी नेपथ्याला फाटा देऊन सगळा भार एका हलगीवर टाकला होता. एकांकिकेत एक वरात होती आणि त्या वरातीला हलगी हवी होती.

हलगी आणली, वाजवणारा मुलगा ठरला. तो वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात होता, हात चांगला होता, आणि कुठल्याशा ध्वनिफितीवरून त्याने एक चाल उचलली होती. तालमीला दुसरी जागा नसल्यामुळे आम्ही संध्याकाळी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबले भिंतीला सरकवून तालीम करत असू. पाचव्या की सहाव्या दिवशी वरात ऐन रंगात आली असताना प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी ऐकले आणि मग विचारले, ‘‘पोरांनो, वरात काढताय का मढं?’’

सगळे थबकले. मामा म्हणाले, ‘‘ही मातीला जायची चाल आहे. वरातीत वाजवाल तर नवरदेव घोड्यावरून उतरून पळेल.’’

आमच्यापैकी एकालाही तो फरक कळलेला नव्हता. मी तिथे उभी होते, माझ्या नावापुढे दोन पदव्या होत्या, आणि आम्ही पाच दिवस मोठ्या उत्साहाने एका नवरदेवाची अंत्ययात्रा काढत होतो.

साहजिकच मी म्हटले, ‘‘मामा, मग तुम्हीच वाजवा ना.’’ मुलांनीही गलका केला. मामांनी हलगीला हात लावला नाही. मी त्यांना समजावू लागले. लोककला, तिचे जतन, रंगमंचावरची प्रतिष्ठा असे बरेच काही मी बोलले, आणि ते माझ्या मते चांगलेच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्यासाठी ती कला आहे. आमच्या दारात ते बलुतं होतं. माझ्या वडिलांनी गावकीसमोर ती खाली ठेवली, तेव्हा दोन वर्षं आम्हाला कुणी कामाला बोलावलं नाही. मी ती परत गळ्यात अडकवणार नाही.’’

यावर मी काय बोलणार? कलेच्या मोलावर आजवर मी बरीच भाषणे ऐकली आणि थोडी दिलीही, परंतु एखादे वाद्य खाली ठेवण्याचे मोल एका घराने काय दिले असेल याचा उल्लेख मी त्यांतल्या एकाही भाषणात ऐकलेला नव्हता. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘‘माफी कशाला? चुकीची चाल तेवढी वाजवू नका.’’ आणि किल्ल्या घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा स्वतःहून आले. शेवटच्या बाकावर बसले, आणि त्या मुलाने चाल धरली की बाकाच्या फळीवर दोन बोटांनी बरोबर ठेका देऊ लागले. पुढचे तीन आठवडे हेच चालले. हलगीला त्यांनी एकदाही स्पर्श केला नाही, पण टिपरू कुठे पडले पाहिजे, काडी कुठे नुसती घासून गेली पाहिजे, वरात वेशीपाशी आली की चाल कशी चढते आणि मांडवापाशी ती कशी मोडून नवी धरतात, हे सगळे त्या बाकावरून मुलाच्या हातात उतरले. वर्गात मी शिकवत असे त्यापेक्षा ते शिकवणे कडक होते. चूक झाली की मामा फक्त बोटे थांबवत. तेवढ्याने मुलगा घामाघूम होई.

आता ऑगस्टचा पाऊस मध्ये आला. पुण्याच्या त्या भिजकट हवेत हलगीचे कातडे सैल पडते आणि आवाज पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो. हलगी शेकावी लागते, एवढे मुलांनी ऐकले होते. शेजारीच रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, तिथे बर्नर; विज्ञान शाखेच्या दोन हुशार मुलांनी हलगी थेट ज्योतीवर धरली आणि मिनिटाच्या आत कातडे तडकले. तो आवाज मात्र खणखणीत होता. मामा धावत आले, आणि त्या दिवशी त्या दोघांना जे ऐकावे लागले ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखे नाही. दुसऱ्या हलगीसाठी मुलांनी पैसे जमवले. कलामंडळाच्या खर्चात कातडे ही बाब बसत नव्हती. संमेलनाच्या रात्री ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या करून परक्या गाण्यांवर नाचण्यासाठी मात्र त्याच खर्चात भरपूर जागा असते, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी इथेच सोडते.

नवी हलगी मामांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या अंगणात कागद आणि पाचोळा पेटवून, लांबून, फिरवत फिरवत शेकली. प्रश्न होता तो स्पर्धेच्या दिवसाचा, कारण नाट्यगृहाच्या विंगेत जाळ करता येत नाही. तिथे माझे भौतिकशास्त्र प्रथमच उपयोगी पडले. पडद्याचा ताण चौपट करावा तेव्हा स्वर दुप्पट उंचीचा होतो, हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. हातातली वस्तू सैल पडलेली असताना त्याचा अर्थ मला पहिल्यांदा बोटांना जाणवला. आम्ही स्पेक्ट्रोमीटर ठेवायची एक रिकामी लाकडी पेटी घेतली, झाकणाला भोक पाडून दोनशे वॉटचा दिवा आत सोडला, आणि हलगी त्या पेटीत ठेवली. मामांनी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून कातड्याजवळ हाताचा पंजा धरला आणि ‘‘अजून,’’ ‘‘अजून,’’ ‘‘आता काढा,’’ असे सांगितले. उष्णतामापी लावू का, असे मी विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही.

स्पर्धेच्या दिवशी ती पेटी रिक्षातून मांडीवर घेऊन मामा आणि मी टिळक रस्त्याने गेलो. एकांकिका झाली. वरात मांडवापाशी आली आणि त्या मुलाने चाल मोडून नवी धरली, तेव्हा मागच्या रांगांत बसलेली दुसऱ्या महाविद्यालयांची मुलेही ठेका धरू लागली. आमचा संघ अंतिम फेरीत गेला नाही. परतताना मामा एवढेच म्हणाले, ‘‘शेवटी जरा घाई केली त्यानं.’’

श्रोतेहो, मघाचे वाक्य आता पुन्हा सांगते. ज्याच्याकडून शिकायचे त्याचे नाव पगारपत्रकाच्या कोणत्या ओळीवर आहे, हे कला विचारत नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला मामांनी दारातून माझी चूक दाखवली असती तर ती मी ऐकली असती का, याबद्दल मला आजही शंका आहे. हलगीने ते ऐकायला लावले, कारण चूक सगळ्यांच्या कानांवर पडत होती आणि ती दुरुस्त करणारा एकच माणूस त्या इमारतीत होता.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आता कलांनाही श्रेयांक मिळतात, आणि ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु श्रेयांक आले की मूल्यमापन आले, मूल्यमापनासाठी परीक्षक आला, आणि परीक्षकाला प्रमाणपत्र हवे. मामांकडे प्रमाणपत्र नव्हते. विद्यापीठांनी ललित कला केंद्रांसारखी केंद्रे अवश्य वाढवावीत, पण त्याबरोबर भजनी मंडळात पखवाज वाजवणारा, देवीच्या गोंधळात संबळ धरणारा किंवा जुनी ओवी तोंडपाठ असणारी बाई यांना तासाचे मानधन देऊन वर्गात बोलावण्याची सोय नियमांत करावी, आणि त्यांनी नको म्हटले तर ते ऐकून घेण्याचीही तयारी ठेवावी. परीक्षकांनीही कचरू नये. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला तेव्हा बरीच नाराजी झाली; मला तो निर्णय आवडला होता, कारण त्यात कोणीतरी बोटे थांबवली होती.

राहता राहिली ती पेटी. वर्षअखेरीस साठा तपासणी झाली तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये स्पेक्ट्रोमीटरच्या एका पेटीच्या झाकणाला भोक आढळले आणि त्याचे कारण लेखी मागण्यात आले. मी प्रामाणिकपणे ‘‘हलगी शेकण्यासाठी’’ असे लिहिले. तपासनीसांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढून विचारले, हा कोणत्या शाखेचा प्रयोग? मी उत्तर शोधत असताना मागे कपाट पुसत असलेले मामा म्हणाले, ‘‘मॅडम, ध्वनी लिहा. त्यात सगळं बसतं.’’

मी ध्वनी लिहिले, आणि त्यांनी सही केली.

नमस्कार.